इम्प्लांटसाठी दातांचं डिजिटल माप: बडोद्याच्या दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापगंज या भागांतून आमच्याकडे येणाऱ्या मराठी मंडळींना इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, हे आता सांगावं लागत नाही. घरात कोणाला तरी बसवलेलं असतंच. पण माप घ्यायची वेळ आली आणि मी मापाच्या पेस्टचा ट्रे न काढता तोंडात फिरवायचा स्कॅनर हातात घेतला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘ती पेस्ट तोंडात भरणार नाही ना? सुटलो!’ आणि लगेच दुसरं, ‘म्हणजे आता मापात चूक व्हायचा प्रश्नच नाही.’ पहिल्या वाक्याचा आनंद मलाही होतो. हे पान दुसऱ्या वाक्यासाठी लिहिलं आहे. मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे गेलेल्या दातांच्या जागी दात बसवणारी डॉक्टर. खुर्चीत बसल्यावर तोंड उघडं असतं, त्यामुळे पेशंटला विचारता येत नाही आणि मलाही नीट सांगता येत नाही. म्हणून सवडीने, इथे.

हा स्कॅन म्हणजे एक्स-रे का? त्याचे किरण लागतात का?

नाही. हा फक्त प्रकाश आहे. स्कॅनरच्या टोकातून प्रकाशाचे पट्टे किंवा ठिपके दातांवर पडतात, आतला कॅमेरा ते टिपतो आणि दाताचा उंचसखलपणा त्यावरून मोजला जातो. हाड यात दिसत नाही. हाडासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे, काढावा लागतो, त्यात किरण असतात. इम्प्लांट कुठे आणि किती तिरका बसवायचा हे ठरवताना या दोन फाइली एकमेकींवर बसवतात. तोंडात जुन्या धातूच्या कॅप भरपूर असतील, तर सीबीसीटीत पांढरे फटकारे येतात आणि ते जुळवणं अवघड होतं. म्हणून जुन्या कॅप, जुने ब्रिज यांची माहिती आम्ही आधीच विचारतो.

एवढासा कॅमेरा आख्ख्या जबड्याचं चित्र कसं काढतो?

तो एका वेळी सगळं बघतच नाही. एका क्षणी त्याला जेमतेम दोन दातांएवढा तुकडा दिसतो. मी टोक पुढे सरकवते, तो पुढचा तुकडा घेतो, आणि आधीच्या तुकड्याशी जेवढा भाग सारखा असेल त्या आधाराने संगणक दोन्ही जोडतो. असे शेकडो, हजारो तुकडे.

आजीच्या हातची गोधडी डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक चिंधी दोऱ्याच्या जाडीएवढी जरी वाकडी शिवली गेली, तरी उशीच्या अभ्र्यात ते कळत नाही. पलंगभर गोधडीत मात्र शेवटचा कोपरा चांगलाच सरकलेला असतो. डिजिटल मापाची बरीचशी गोष्ट या गोधडीत आहे. पुढेही ती येईल.

झुरिकमध्ये वेर्नर म्योरमान आणि मार्को ब्रँडेस्टिनी यांनी १९८५ मध्ये खुर्चीशेजारच्या अशा मशीनवर पेशंटसाठी पहिलं काम केलं. तेव्हा दातांवर पांढरी पावडर मारल्याशिवाय कॅमेऱ्याला दिसत नसे. आता बहुतेक स्कॅनरना पावडर लागत नाही. तुकडे जोडण्याचं तत्त्व मात्र सुटलेलं नाही.

मग तो किती अचूक असतो? आकड्यात सांगा.

आकडा सांगण्याआधी ‘अचूक’ म्हणजे काय ते बघू. भाजीवाल्याचा काटा दर वेळी न चुकता ५० ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तो एकसारखा आहे, पण खरा नाही. दुसरा काटा कधी कमी, कधी जास्त दाखवतो, सरासरी बरोबर येते. तो खऱ्याच्या आसपास आहे, पण भरवशाचा नाही. स्कॅनरकडून आम्हाला दोन्ही हवं असतं: माप खरं असावं, आणि दहा वेळा घेतलं तर दहा वेळा तेच यावं. जाहिरातीत ‘इतके मायक्रॉन’ लिहिलेलं असतं तेव्हा यांतलं कोणतं, एका दातावर की पूर्ण जबड्यावर, प्रयोगशाळेतल्या मॉडेलवर की माणसाच्या तोंडात, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. आमचं भांडण या केसाच्या जाडीवरच चाललेलं असतं.

केसाएवढ्या फरकाने काय बिघडतं? माझ्या साध्या कॅपला तर डॉक्टर घासून घासून बसवतात.

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची बारीक गादी असते. चावताना दात त्या गादीवर साधारण २५ ते १०० मायक्रॉन हलू शकतो. कॅप किंचित ओढून बसली तर दात थोडा सरकून तिला सांभाळून घेतो.

इम्प्लांटला ती गादी नसते. स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांच्या लक्षात १९५२ मध्ये आलं की टायटॅनियम हाडाशी घट्ट एकजीव होतं, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले. ते एकजीव होणं हेच इम्प्लांटचं बळ आहे आणि तीच अडचणही. तो उभ्या दाबाखाली ३ ते ५ मायक्रॉनच हलतो. चार इम्प्लांटवर बसणारी, वरचे दात धरणारी फ्रेम थोडी वाकडी असेल, तर कोणीच सरकून घेत नाही. स्क्रू पिळून ती बसवली, तर तो ताण स्क्रूत, फ्रेममध्ये आणि वरच्या पोर्सेलिनमध्ये साठून राहतो. मग सहा महिन्यांनी स्क्रू ढिला होतो, पोर्सेलिनचा टवका उडतो, कधी स्क्रू आतच तुटतो. तुटलेला स्क्रू इम्प्लांटमधून काढणं हे डॉक्टर आणि पेशंट दोघांचीही परीक्षा बघणारं काम आहे.

किती फरक चालतो यावर एकमत नाही. ब्रॉनेमार्क १० मायक्रॉनची अपेक्षा धरत. टोर्स्टन येम्ट यांनी १९९१ मध्ये १५० मायक्रॉनपर्यंत चालून जाईल असं मांडलं. मी जितकं कमी करता येईल तितकं करते, आणि ताण न देता फ्रेम आपोआप बसते का हे बघते.

हिरडीत स्क्रूने ती छोटी खुंटी कशाला बसवता?

तिला स्कॅन बॉडी म्हणतात. इम्प्लांटचं तोंड हिरडीच्या खाली असतं, स्कॅनरला ते दिसत नाही. म्हणून ज्याचा आकार आधीपासून नेमका माहीत आहे अशी खुंटी त्यावर बसवायची, तिचा वरचा भाग स्कॅन करायचा, आणि संगणकाने त्यावरून खालचा इम्प्लांट कुठे, किती खोल, कोणत्या कोनात आहे ते काढायचं. विहिरीत सोडलेल्या काठीचं वरचं टोक बघून तळ ओळखावा, तसं.

माझा अनुभव विचाराल तर इम्प्लांटच्या मापातल्या टाळता येण्याजोग्या चुका सगळ्यांत जास्त इथे होतात, आणि त्यात स्कॅनरचा काही दोष नसतो. खुंटीखाली हिरडीचा पदर अडकला, रक्ताची गुठळी राहिली, की ती थोडी वर राहते. पडद्यावर चित्र सुरेख दिसतं, फक्त ते चुकीच्या जागेचं असतं. काही खुंट्या पीक नावाच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या असतात. त्या जास्त जोराने पिळल्या तर दबतात, आणि पुन्हा पुन्हा वापरून, निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये घालून झिजतात. टायटॅनियमच्या टिकतात, पण चकचकीत पृष्ठभागावरून प्रकाश उलटून स्कॅनरला त्रास देतो. बसवताना कंपनीने सांगितलेल्या ताकदीनेच पिळायचं असतं, अंदाजाने नाही. खोल इम्प्लांटवर खुंटीचा थोडाच भाग हिरडीबाहेर राहतो, आणि जेवढं कमी दिसेल तेवढा संगणकाचा अंदाज कच्चा.

म्हणून खुंटी बसवल्यावर मी एक छोटा एक्स-रे काढते. ‘आत्ताच तर काढला होता, परत कशाला?’ असं काकू विचारतात. काकू, तो इम्प्लांट बघायला होता. हा खुंटी खालपर्यंत बसली की नाही हे बघायला आहे.

इम्प्लांट दुसरीकडे बसवलाय, वरचा दात तुमच्याकडे करायचाय. चालेल?

चालेल, पण इम्प्लांटचं कार्ड आणा. डिसेंबरात परदेशातून घरी येणारी मंडळी, किंवा मुलाकडे अमेरिकेत असताना इम्प्लांट करून आलेले आईवडील, बहुतेक वेळा कार्डाशिवाय येतात. कंपनी, मॉडेल आणि व्यास कळल्याशिवाय योग्य खुंटी मिळत नाही, आणि संगणकात त्या खुंटीची योग्य लायब्ररी, म्हणजे तिच्या नेमक्या आकाराची फाइलही निवडता येत नाही. दोन कंपन्यांच्या खुंट्या दिसायला जुळ्या बहिणींसारख्या असू शकतात. चुकीची लायब्ररी निवडली तर संगणक तक्रार न करता चुकीचा इम्प्लांट चिकटवून देतो. ही चूक केसाएवढी नसते, बरीच मोठी असते.

माझ्या बहिणीचं काम एका स्कॅनमध्ये झालं. माझ्या पूर्ण जबड्यासाठी इतके सोपस्कार का?

बहिणीचा एक दात होता, शेजारी दोन्हीकडे तिचे स्वतःचे दात. म्हणजे उशीचा अभ्रा. एका किंवा शेजारशेजारच्या दोन-तीन इम्प्लांटसाठी डिजिटल माप पेस्टच्या मापाच्या तोडीचं येतं, यात मला शंका नाही.

पूर्ण जबडा म्हणजे पलंगभर गोधडी, आणि तीही एकरंगी कापडाची. दात असले की प्रत्येक तुकड्यात खाचा, टोकं, फटी असतात, संगणकाला ओळखीची खूण सापडते. दात नसलेली हिरडी गुळगुळीत, ओली, सगळीकडे सारखी. कच्छच्या पांढऱ्या रणात उभं राहिल्यावर किती चाललो हे कळत नाही, कारण नजरेला धरायला झाड नाही, खांब नाही. स्कॅनरचं दोन इम्प्लांटच्या मधल्या हिरडीवर तेच होतं. खालच्या जबड्यात आणखी कठीण, कारण तिथे जीभ आणि गालाखालची सैल त्वचा हलत राहते. एका तुकड्यात ती एका जागी, पुढच्या तुकड्यात दुसऱ्या. इम्प्लांट जितके लांब लांब, तितकी चूक साठत जाते आणि पहिल्या इम्प्लांटपासून शेवटच्यापर्यंतच्या अंतरात दिसते.

काही वर्षांपूर्वी बडोद्याजवळच्या पादरा गावाहून एक आजोबा यायचे. खालच्या जबड्यात चार इम्प्लांट. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्कॅन केला, मधल्या गुळगुळीत भागावरून घाईने गेले. पडद्यावर एकही भोक नव्हतं, मी खूश. लॅबमधून फ्रेम आली. उजव्या टोकाचा स्क्रू घट्ट केला आणि डावं टोक उचललं गेलं, तपासायच्या सळईचं, म्हणजे प्रोबचं टोक आत जाईल इतकं. बाकीचे तीन स्क्रू पिळले असते तर ती बसल्यासारखी दिसली असती. मी ती काढून ठेवली, चूक माझ्या मापात झाली आहे असं आजोबांना सांगितलं, आणि चारही इम्प्लांटवरचे कोपिंग, म्हणजे ट्रेच्या मापासाठी त्यांवर बसवायचे तुकडे, एकमेकांना रेझिनने जोडून ट्रेने नवं माप घेतलं. त्यांना जास्तीच्या खेपा पडल्या, उन्हाळ्याचे दिवस होते. ते एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

आता पूर्ण जबड्यासाठी मी नुसत्या तोंडातल्या स्कॅनवर शेवटची फ्रेम करत नाही. मधल्या हिरडीवर खुणा तयार करता येतात, एकमेकींकडे हात पसरलेल्या खास खुंट्या मिळतात, त्यांनी फरक पडतो. फोटोग्रामेट्री नावाची वेगळी पद्धत आहे. त्यात तोंडाबाहेरचा कॅमेरा सगळ्या खुंट्यांवरच्या खुणा एकत्र बघून त्यांच्यातलं अंतर थेट मोजतो, तुकडे जोडायची वेळच येत नाही. हिरडीचा आकार मात्र त्यात मिळत नाही, तो नेहमीच्या स्कॅनरनेच घ्यावा लागतो.

स्कॅन करताना मधेच ‘पुन्हा सुरुवातीपासून’ का म्हणता?

वाट चुकली म्हणून. प्रत्येक स्कॅनरची एक ठरलेली वाट असते: साधारणपणे आधी चावायची बाजू, मग आतली, मग गालाकडची. मधेच टोक उचललं, जीभ आडवी आली, तर संगणक चुकीच्या ठिकाणी धागा पकडू शकतो. ठिगळ लावून भोक बुजवता येतं, पण ठिगळांवर ठिगळं चढली की मी सगळं पुसून नव्याने घेते. पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

माझं तोंड पूर्ण उघडत नाही. स्कॅन होईल का?

हे इथे, गुजरातेत, फार जड मनाने लिहावं लागतं. मावा, गुटखा, सुपारी वर्षानुवर्षं खाल्ल्यावर गालाच्या आतलं अस्तर कडक, पांढुरकं होत जातं आणि तोंड उघडणं कमी होतं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, कारण सुपारी, आणि यातून पुढे तोंडाचा कॅन्सर होण्याचा धोका खरा आहे. पस्तिशीची, चाळिशीची माणसं दाढेचा इम्प्लांट करायला येतात आणि त्यांच्या तोंडात स्कॅनरचं टोक शेवटच्या दाढेपर्यंत पोचत नाही. दाढेची मागची बाजू दिसतच नाही, संगणक ती अंदाजाने भरतो.

लहान टोकाचे स्कॅनर आहेत, खुंटीही आखूड वापरता येते. पण तुमची स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील, किंवा तिखट खाल्लं की गालात आग होत असेल, तर इम्प्लांट थांबू द्या. आधी तोंड तपासून घ्या, सुपारी आजच सोडा. मोठ्या सरकारी इस्पितळांत आणि डेंटल कॉलेजांत ही तपासणी होते. दात नंतरही बसवता येईल.

खुर्चीवरचा दिवा का बंद करता?

तो झगझगीत प्रकाश स्कॅनरच्या स्वतःच्या प्रकाशात मिसळतो आणि मापात गोंधळ होतो. खिडकीचा पडदाही त्याचसाठी ओढतो.

सारखी फुंकर आणि सक्शन कशासाठी?

लाळेचा पातळ थर दाताच्या खाचेत साचला की स्कॅनरला खाच दिसत नाही, लाळेचा सपाट पृष्ठभाग दिसतो आणि तोच तो खरा धरतो. रक्ताचं तसंच. बडोद्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की श्वासाची वाफ टोकाच्या आरशावर लगेच धरते. बऱ्याच स्कॅनरचं टोक त्यासाठी आधी गरम होतं, ते होईपर्यंत मी थांबते. तुम्ही नाकाने श्वास घेतलात तर खूप मदत होते.

इम्प्लांट बसवला त्याच दिवशी माप का घेत नाही?

तात्पुरत्या दातांसाठी कधी कधी घेतो. कायमच्या दातांसाठी हिरडी शांत व्हायला हवी. सूज असताना घेतलेलं हिरडीचं माप सूज उतरल्यावर खोटं ठरतं. हाड धरायला साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात कधी त्याहून जास्त लागतात, तेवढ्यात हिरडीही आकार घेते.

यात एक बारकावा आहे. हीलिंग कॅप, म्हणजे हिरडी भरेपर्यंत इम्प्लांटवर ठेवलेलं झाकण, काढली की तिच्याभोवतीची हिरडी काही मिनिटांत आत मिटू लागते. म्हणून कॅप काढल्याबरोबर मी आधी मोकळ्या हिरडीचा स्कॅन घेते आणि मगच खुंटी बसवते. त्या वेळी मी फोन उचलत नाही.

सगळ्यांत चांगला स्कॅनर कोणता? तुमच्याकडे कोणता आहे?

कंपनीचं नाव इथे लिहिणार नाही. नवे स्कॅनर जुन्यांपेक्षा चांगले आहेत हे खरं, सॉफ्टवेअर बदललं की तोच स्कॅनर सुधारतो हेही खरं. पण कॅलिब्रेशन, म्हणजे स्कॅनरचं माप ताडून नीट करणं, वेळच्या वेळी न केलेला महाग स्कॅनर, आणि नीट सांभाळलेला, सरावाच्या हातातला साधा स्कॅनर, यांत मी दुसरा निवडीन. डॉक्टरांना नाव विचारण्याऐवजी कॅलिब्रेशन कधी केलं ते विचारा.

फाइल लॅबला गेली की काम चोख, असं ना?

तिथेही हात आहेत, मशीन आहेत. थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं रेझिनचं मॉडेल घट्ट होताना थोडं आक्रसतं, आणि त्यात बसवलेला इम्प्लांटचा नमुना सैल असेल तर सगळी मेहनत वाया. दात ज्याचा करतात तो झिर्कोनिया भट्टीत साधारण पाचव्या भागाने आटतो, म्हणून तो आधीच तेवढा मोठा कापतात. चांगल्या लॅबशी आमचं रोज बोलणं असतं. फाइल गेल्यावर ‘तिसऱ्या खुंटीची मागची बाजू दिसत नाही, परत पाठवा’ असा फोन आला की मला बरं वाटतं. कधीच तक्रार न करणाऱ्या लॅबची मला काळजी वाटते.

मग माझं माप बरोबर आलंय हे कळणार कसं?

पडद्यावरचं रंगीत चित्र बघून कळत नाही. तोंडात तपासून कळतं. एकापेक्षा जास्त इम्प्लांट असतील तर फ्रेम आल्यावर फक्त एका टोकाचा स्क्रू बसवून दुसऱ्या टोकाला फट पडते का बघतात. मग दुसऱ्या टोकाने तेच. हिरडीखालचं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एक्स-रे. पूर्ण जबड्यासाठी फ्रेम करण्याआधीच रेझिनचा एक पडताळणीचा सांगाडा करून तोंडात बसवून बघतात. तो ताण न घेता बसला, तरच पुढचं काम. त्यासाठी एक खेप जास्त पडते, ती टाळू नका असं मी हात जोडून सांगते.

तुम्हालाही काही कळतं. स्क्रू घट्ट करताना जबड्यात ओढल्यासारखं, आवळल्यासारखं वाटलं तर लगेच हात वर करा. ‘थोडं होणारच’ असं मनाशी म्हणू नका.

म्हणजे पेस्टचं माप अजून जिवंत आहे?

आहे. ज्यांना ट्रेने उलटीची उबळ येते त्यांच्यासाठी स्कॅनर हे वरदान आहे, आणि लहान कामांत मी ट्रेला क्वचितच हात लावते. पण पूर्ण जबड्यात, कोपिंग एकमेकांना जोडून उघड्या, म्हणजे वर भोकं असलेल्या ट्रेने घेतलेलं माप अजूनही असा मापदंड आहे की ज्याच्याशी नव्या पद्धती ताडून बघतात. डॉक्टरांनी ट्रे काढला म्हणून ते मागासलेले असं समजू नका.

मी काय तयारी करून येऊ?

हिरडीतून रक्त येत असेल तर आधी सफाई करून घ्या. जुनी कवळी, इथल्या भाषेत चोकठुं, असेल तर ती आणा, दातांची उंची ठरवायला ती लागते. खुर्चीत मान हलवू नका, जीभ सैल सोडा. चाव्याचं माप घेताना रोज जसं चावता तसंच दात मिटा. मला बरं वाटावं म्हणून जबडा पुढे काढू नका.

माझ्या स्कॅनची फाइल मला मिळेल का?

मिळेल, मागून घ्या. पाच-सात वर्षांनी कॅप तुटली, किंवा तोवर तुम्ही पुण्याला राहायला गेलात, तर तिथल्या डॉक्टरला तुमचा चावा आणि हिरडीचा आकार आधी कसा होता हे दिसेल. पेन ड्राइव्ह घेऊन या, आणि इम्प्लांटच्या कार्डाचा फोटोही त्यातच ठेवा.